मदत हवी आहे: चौथीचा निरोप समारंभ कमी खर्चात कसा करावा, आणि बदली झालेल्या सिस्टरांना काय द्यावं?

सातरस्ता_सून

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सोलापुरातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत चौथीला आहे. शाळेचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतीलच. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरं पाच-सहा हायस्कुलांत पांगतात, त्यामुळे चौथीचा निरोप म्हणजे आमच्याकडे लग्नघराइतकी धांदल. पालक-शिक्षक संघाच्या समितीची निवड २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे सोडतीने होते. जूनमध्ये चिठ्ठ्या काढल्या आणि नेमकं माझं नाव निघालं. आयुष्यात लॉटरी लागली ती ही.

तर अडचण अशी. दोन तुकड्या मिळून ७१ मुलं. डान्सच्या सरांनी सहा नाच बसवायचं ठरवलं आणि ड्रेपरीचं भाडं प्रत्येकी ६५० रुपये सांगितलं. एका पालकांचं म्हणणं, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहच घेऊ, शाळेच्या मैदानात मजा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ३० जणांनी अंगठे वर केले. बाकीचे ४१ गप्प. गप्प म्हणजे हो असं सरांनी धरलं.

गेल्या आठवड्यात शाळा सुटताना एक आजी मला गेटपाशी बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी पोराला ताप आलाय म्हणून सांगतो. टीचर रागावतील का?" नातू माझ्या मुलीच्या बाकावरचा. कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून व्हॅनने येतो. आजी विड्या वळतात. पोराला ताप यायला अजून महिना आहे आणि तो आत्ताच ठरलाय, हे डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. सरांना २८ मार्च हवी होती. सिस्टरांनी (शाळेतल्या धर्मभगिनी) साफ नाही म्हटलं, ईस्टर होऊ द्या म्हणाल्या. आता २५ एप्रिल, शनिवार ठरलाय. पालक कुरकुरतायत, एप्रिलअखेरच्या सोलापूरच्या उन्हात कोण मैदानात बसणार? मला स्वतःला सिस्टरांचं कारण नीट कळलेलं नाही. विचारायला संकोच वाटला. आम्ही लिंगायत, शाळेत निम्मी पोरं पद्मशाली, बरीच मुस्लिम, कॅथलिक घरं मोजून सात-आठ.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सिस्टरांची बदली झालीय. मे महिन्यात जाणार. मूळच्या मंगळूरकडच्या, माझ्या सासूबाईंशी फाटकात उभ्या राहून कानडीत गप्पा मारणाऱ्या. ग्रुपवर कुणी म्हणतं सोन्याची साखळी, कुणी सिल्कची साडी, आणि अर्थातच कुणीतरी सोलापुरी चादर. (या गावात पाहुणा आला की चादर. सिस्टरांकडे आतापर्यंत दुकान निघेल एवढ्या चादरी झाल्या असतील.)

खर्च कमी, पोरं सगळी स्टेजवर आणि सिस्टरांना आवडेल असं काही. सुचवा.

वसईकर_मामा

ताई, तारखेचं कारण साधं आहे. तुमच्या सिस्टर संकोचल्या असतील, मी सांगतो. यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, तिथून आमचा उपवासकाळ सुरू. रविवार सोडून चाळीस दिवस. या काळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) आलेलुया म्हणत नाहीत, लग्नंसुद्धा शक्यतो टाळतात. २८ मार्च म्हणजे झावळ्यांच्या रविवारची आदली संध्याकाळ, तिथून ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. त्यात लाउडस्पीकर लावून सहा नाच म्हणजे तुमच्याकडे पितृपक्षात बारसं घातल्यासारखं. ५ एप्रिलला ईस्टर. त्यानंतर पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, म्हणजे २४ मेपर्यंत आनंदाचा काळ. २५ एप्रिल उत्तम तारीख आहे.

आणखी एक. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मिस्सा ठेवणार असाल तर बाकीच्या पालकांना आधी सांगा की ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जायचं नसतं, जागेवर बसून राहायचं. दरवर्षी कुणीतरी प्रसाद समजून हात पुढे करतं आणि फादरांची पंचाईत होते. त्यापेक्षा साधी प्रार्थनासभा ठेवायला सांगा. बायबलमधला एक उतारा, दोन गाणी, मुलांनी आपल्या शब्दांत म्हटलेल्या आभाराच्या चार ओळी. त्यात सगळ्यांना पूर्ण भाग घेता येतो. समई लावायलाही हरकत नसते, आमच्याकडे सर्रास लावतात.

साखळीचा विषय मात्र आजच बंद करा. धर्मभगिनींची व्रतं तीन: निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. त्यांना मिळालेली वस्तू त्यांची नसतेच, मठाची होते. सोनं दिलंत तर त्या बिचाऱ्या अवघडतील, आणि नेतील एका बॅगेत मावेल तेवढंच.

सातरस्ता_सून

मामा, पितृपक्षाचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग नाहीच म्हणणार की त्या." एका वाक्यात विषय संपला.

पार्क_चौपाटी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ६५० रुपये आजकाल काय आहेत? मोबाईलचा रिचार्ज सगळे मारतातच. पोरांना चकचकीत कपड्यांची हौस असते, आयुष्यभर फोटो राहतो. ज्यांना जमत नाही त्यांचे पैसे चार जणांनी मिळून भरावेत, विषय संपला. सगळ्यांनाच साध्या कपड्यांत का उभं करायचं?

धोटा

दादा, विषय तेवढ्यावर संपत नाही. मी यंत्रमागावर आहे, बायको विड्या वळते. हात बसलेल्या बाईलाही हजार विड्या वळायला अख्खा दिवस जातो, पानं भिजवणं-कापणं वेगळं. मजुरी हजार विड्यांमागे. घरात दोन पोरं एकाच शाळेत असली की तुमचे ६५० चे १३०० होतात, त्यात मार्च-एप्रिलला वह्या-पुस्तकं आणि पुढच्या फीची तयारी. आणि चार जणांनी भरायचे म्हणजे कुणाचे भरले ते ग्रुपवर दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. माझ्या थोरल्याच्या वेळी कळलं होतं. तो पुढं वर्षभर त्या मुलांच्या घरी खेळायला गेला नाही.

ताई, त्या आजींना टीचर रागावणार नाहीत एवढं तरी आधी सांगून टाका.

निवृत्त_बाई

तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली बरीचशी सोलापुरात. थोडं लांबेल.

पैसे गोळा करायचे तर बंद पाकीट. शाळेच्या ऑफिसात एक पेटी ठेवा, प्रत्येक घरातून एक पाकीट येऊ द्या. कुणी पाचशे टाकेल, कुणी वीस, कुणी रिकामं. नाव कुणी लिहायचं नाही. आम्ही असं केलं त्या वर्षी रक्कम ठरवून मागितल्यापेक्षा जास्त जमली होती. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

ड्रेपरी रद्द करा. गणवेशातला पांढरा शर्ट हीच ड्रेपरी. माझा नेहमीचा प्रयोग चार हुतात्म्यांचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. सोलापूरच्या पोराला चौकातला पुतळा माहीत असतो, नावं विचारली की दोनच येतात. चौघं चार घरांतले, तुमचा वर्गही तसाच. पांढरे शर्ट, कागदाच्या टोप्या, खर्च शून्य. आणि हुतात्मा स्मृती मंदिराचं भाडं भरण्यापेक्षा हुतात्मे कोण ते पोरांना कळलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक मुलाला एक वाक्य तरी द्या. ७१ वाक्यं सहज निघतात. "मागच्या ओळीत झाड हो" असं मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाला सांगितलं होतं. तो आता मोठा कंत्राटदार आहे आणि भेटला की अजून "बाई, मी झाड" म्हणून नमस्कार करतो. हसतो, पण विसरलेला नाही.

उन्हाळी_सुट्टी

बाईंच्या पाकीट पद्धतीला +१. पण निरोपाला फाशी नको हो. पहिलीची बारकी पोरंही समोर बसलेली असतात. त्यापेक्षा डॉ. कोटणीस घ्या. जन्म १९१० चा, आपल्या सोलापूरचाच. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. डॉक्टरचा पांढरा कोट म्हणजे बाबांचा जुना शर्ट उलटा घालायचा. भैय्या चौकाजवळच्या स्मारकात आधी पोरांना एक चक्कर मारून आणा, निम्मी तालीम तिथंच होईल. निरोप घेऊन लांब जाणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, तुमच्या सिस्टरांनाही लागू पडेल.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी साडेसातला सुरू, साडेनऊला बंद. नाहीतरी सकाळचीच शाळा असते. पत्र्याच्या शेडमध्ये कुणालाही बसवू नका, दहानंतर तिथं भाकरी भाजून निघेल. पाण्याची पाळी त्या दिवशी आहे की नाही ते आदल्या आठवड्यात बघा, नसेल तर टाकी भरून ठेवायला सांगा.

निवृत्त_बाई

फाशी दाखवायची नसतेच, नावं पुकारून दिवे लावायचे. पण कोटणीसांचं पटलं. घ्या ते. हुतात्मे आपण १२ जानेवारीला करू.

सातरस्ता_सून

कोटणीस घेतेय! मुलीला विचारलं तर म्हणाली, "मग चिनी भाषा कोण बोलणार?" त्यावर वर्गात मारामारी होणार बहुतेक.

खाण्याचं आमचं असं चाललंय: केटरर नको, प्रत्येक घरातून एक डबा. सगळं शाकाहारी ठेवलं की लिंगायत असोत की हलाल पाळणारे, प्रश्न उरत नाही. मी हुग्गी (गव्हाची खीर) करणार. एका आईने पुळिहोरा (चिंचेचा भात) सांगितलाय, एकीच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी बारक्यांपासून लांब ठेवावी लागेल, गेल्या वर्षी एका पाहुण्या फादरांना ठसका लागून भाषण थांबलं होतं.

त्या आजींना काल गाठलं. ड्रेपरी रद्द झाली म्हणून सांगितलं. काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "डब्यात काय आणू?"

आता सिस्टरांची भेट राहिली. धोटा दादा, तुम्ही मागावर आहात म्हणून विचारते, सोलापुरात पूर्वी मागावर विणलेले फोटो भिंतीवर लावायला करायचे ना? शाळेचं चित्र तसं विणून मिळेल का?

धोटा

मिळेल, पण एका नगासाठी परवडत नाही ताई. जॅकार्ड मागाला आधी डिझाइनची भोकं पाडलेली कार्डं करावी लागतात, त्यातच दिवस जातात. शंभर नग काढायचे तर ठीक. आणि लटकवायला केवढं मोठं ते, मामा म्हणतात तसं बॅगेत कुठं मावणार?

मी सांगू का? मांजरपाट घ्या. ७१ पोरांचे अंगठे उमटवा कापडाच्या रंगात, प्रत्येक अंगठ्याखाली पोराने आपलं नाव आपल्या घरच्या लिपीत लिहायचं. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी, ज्याला जे येतं ते. घरी लिहिता येत नसेल तर आजीला विचारून. घडी घातली की पुस्तकाएवढं होतं.

वसईकर_मामा

हे मठाचं झालं तरी सिस्टरांचंच राहील. प्रार्थनासभेत सिस्टरांच्या हातात द्यायच्या आधी पोरांकडूनच उलगडून दाखवा, चार कोपरे चौघांनी धरून.

पार्क_चौपाटी

बरं, मी हरलो. रंग माझ्याकडून. दुकानातच आहेत. नाव नको, त्या पाकिटातच धरा.

सातरस्ता_सून

दादा, रंग आनंदाने घेते. पाकिटात कसे मावतील ते मात्र तुम्हीच बघा.

उद्या सकाळी चाटी गल्लीत जाते. पाच मीटर पुरेल का? आणि पोरगी म्हणते, सिस्टरांचाही अंगठा हवा, मधोमध. मग त्यांना आधीच कळेल ना?

धोटा

७१ अंगठ्यांना दोन मीटरसुद्धा पुष्कळ, पण पाचच घ्या. पोरं आहेत, पहिला तुकडा वाया जाणारच. मधली जागा मोकळी सोडा, सिस्टर त्या दिवशी स्टेजवरच उमटवतील. आणि कापड आणल्या आणल्या गरम पाण्यात एकदा धुऊन, वाळवून घ्या. कोऱ्याला खळ असते, रंग धरत नाही.