मदत हवी आहे: पेज उडालं, मास्टोडॉन घेऊ की ब्लूस्काय? गावाकडचे लोक येतील का?

गोदाकाठ_नाशिक
मंडळी, सल्ला हवाय, जरा लवकर. परवा सकाळी आमचं पेज गायब. साडेचार वर्षं, अकरा हजार लोक, कारण म्हणून 'नियमभंग' एवढाच शब्द आणि अपीलला उत्तर नाही. बागा पोंगा अवस्थेत आहेत, म्हणजे कोवळी फूट नुकती निघतेय, कालपासून भुरभुर पाऊस चालू आहे आणि लोकांना विचारायला जागाच उरली नाही. आता परत एकाच कंपनीच्या दारात जायचं नाही असं ठरवलंय. मास्टोडॉन ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालतं. निफाडला काकांच्या फोनवर ते टाकलं तर सर्व्हर निवडा म्हणून आलं, काका म्हणाले कोणता रे, आणि मलाच सांगता येईना. सामान्य माणूस हे कधी वापरेल का? की ब्लूस्काय, तेही ट्विटरसारखंच ॲप, ते बरं? की दुसरं काही आहे?

सातपूरकर
कसलं पेज? कुठल्या ॲपवर? कुठला नियम? पोंगा म्हणालात म्हणून द्राक्षाचं असेल असं धरतोय.

किल्ली_माझी
नॉस्टर घ्या, तेही असंच पोस्ट टाकायचं नेटवर्क. ईमेल नको, नंबर नको, कंपनीच नाही. पोस्ट बऱ्याच रिलेंवर, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवर जाते, एकाने काढली तरी दुसरीकडे राहते.

मैना_इंदिरानगर
आणि किल्ली हरवली तर? नॉस्टरवर पासवर्डच्या जागी ६३ अक्षरांची ती खाजगी की, 'पासवर्ड विसरलो' हे बटणच नाही, गेली की खातं कायमचं गेलं. माझ्या आईचा जीमेलचा पासवर्ड मोबाईल दुकानवाल्याकडे लिहिलेला आहे हो. कुणाला काय सांगताय!

बागायतदार_पिंपळगाव
पाऊस आहे तर डावणीचं, त्या बुरशीच्या रोगाचं बघा आधी. पान उलटं करून पांढरी बुरशी दिसते का ते बघा. आम्ही वर्षानुवर्षं बोर्डोवरच, मोरचूद-चुन्याच्या फवारणीवरच बाग काढली.

सातपूरकर
कोवळ्या पोंग्यावर बोर्डो? फूट करपली की मग कुणाला विचारणार?

गोदाकाठ_नाशिक
अहो फवारणी विचारत नाहीये मी! पेज द्राक्ष-कांद्याचंच आहे. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, अपील चालू आहे. बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे, स्वस्तातले फोन.

जुना_गडी
२०१९ च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा आपल्याकडचे कितीतरी जण मास्टोडॉनवर गेले, मीही गेलो. महिन्याभरात माझ्या ओळखीचे सगळे परत. २०२२ ला मस्कने ट्विटर घेतलं तेव्हा पुन्हा तेच. आणि कू, ते ट्विटरसारखं भारतीय ॲप? मराठीत होतं, मोबाईल नंबरवर चालायचं, ते २०२४ ला बंदच पडलं. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं तिथे नसतील तर रिकाम्या घरात कोण थांबतं? माझं मत, शेतकरी येणार नाहीत.

मैना_इंदिरानगर
कू विकेंद्रित नव्हतंच, एकाच कंपनीचं होतं, म्हणून तर कंपनीबरोबर गेलं. मास्टोडॉनचा एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. आणि सर्व्हर निवडायची गरज नाही, ॲपमध्ये मास्टोडॉन डॉट सोशलचं बटण असतं तेच दाबायचं. खरी अडचण ईमेलची आहे. आपल्या लोकांना ओटीपीची सवय, आणि इथे मेलमध्ये जाऊन लिंक दाबावी लागते. ब्लूस्कायलाही ईमेल लागतोच.

तटस्थ
सेन्सॉरशिप होणारच नाही असं समजून जाऊ नका. मास्टोडॉनवर सर्व्हरचा ॲडमिन पोस्ट काढू शकतो, दुसरे सर्व्हर तुमचा सर्व्हरच ब्लॉक करू शकतात, २०१९ ला गॅब नावाच्या नेटवर्कला असंच बऱ्याच जणांनी तोडलं. फरक इतकाच की तुम्ही सर्व्हर बदललात तर फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे जमतं. आणि २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केलीत का? तिथे दाद नाही मिळाली तर सरकारची तक्रार अपील समिती आहे, ऑनलाइन अर्ज करता येतो, अर्ज करायची मुदत ३० दिवस.

गोदाकाठ_नाशिक
तक्रार अधिकाऱ्याचं माहीतच नव्हतं, आजच करतो.

मैना_इंदिरानगर
एक करून बघा. खातं तुमचं एकट्याचं काढा. मास्टोडॉनची सार्वजनिक पोस्ट खातं नसतानाही क्रोममध्ये उघडते, लिंक पाठवली की झालं.

गोदाकाठ_नाशिक
केलं. मास्टोडॉन डॉट सोशलवर खातं काढून कालच्या पावसाचं लिहिलं, काकांना लिंक पाठवली, उघडली, वाचली पण. मग फोन आला, "वाचलं रे, पण माझ्या पानाचा फोटो कुठं टाकू?" साडेचार वर्षं पेज चाललं ते ह्याच्यावरच. पहाटे सहाला कुणीतरी बागेत उभं राहून पिवळा तेलकट डाग पडलेलं पान उलटं करून फोटो टाकायचं आणि सातच्या आत चार जण सांगायचे काय करायचं ते. नुसतं वाचायला जागा देऊन काय होणार?

तटस्थ
मग सगळ्या अकरा हजारांना नेऊ नका. ते सांगणारे चार जण कोण, त्यांची खाती आधी काढा. बाकीचे फोटो तुमच्या नंबरवर येऊ देत, तुम्ही तिकडे चढवा.

गोदाकाठ_नाशिक
चार नाही, सात जण आहेत. तिघांना ईमेलच नाही. रविवारी लासलगाव-निफाडकडे जातोय, एकेकाच्या घरी बसून काढून देतो. कुणी सोबत येतंय का? सकाळी आठला नाशिकच्या द्वारका चौकातून निघेन.

सातपूरकर
येतो मी. पण त्या तिघांचे ईमेल कुणाच्या नंबरवर काढायचे ते आधी ठरवा.