आधी नेम, मग जोर

पूलच्या ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याला, एवढा जोर लावूनही रॅक (एकत्र रचलेले बॉल) फुटत नाही म्हणताय ना, माझंही दोन वर्षं हेच रडगाणं होतं. मारताना अंग उचललं जायचं. एकदा तर पांढरा बॉल थेट शेजारच्या टेबलाखाली! आता ताकद थोडी राखून मारतो, पण रॅकच्या सर्वांत पुढच्या बॉलवर अगदी मधोमध. फटक्यानंतर पांढरा टेबलाच्या मध्याजवळ थबकला तर फटका भरीव बसला समजा. आडवा, टेबलाच्या कडेच्या कुशनकडे पळाला की नेम चुकलाय. आणि हो, रॅक वाकून बघा. पुढच्या तीन बॉलमध्ये फट असेल तर जोर तिथेच जिरतो. नाइन-बॉलला (नऊ बॉलच्या डावाला) पांढरा बाजूच्या कुशनजवळ ठेवून बघा, रॅकच्या कडेचा बॉल बऱ्याचदा कोपऱ्यातल्या पॉकेटात जातो. क्यू (खेळायची काठी) मात्र मुठीत आवळू नका.