जेन एअरला कुणाचेच उपकार नकोत : स्वाभिमान की नुसता ताठा?

आडवाट

'जेन एअर' परत वाचली आणि या खेपेला नायिकेचा चक्क वैताग आला.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४७ सालची इंग्लिश कादंबरी. अनाथ जेन मामीच्या घरी हाल सोसत वाढते, लोवुडच्या धर्मादाय शाळेत शिकते, थॉर्नफील्डच्या वाड्यात अडेल नावाच्या मुलीची गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई, होते आणि वाड्याचा मालक रॉचेस्टर याच्या प्रेमात पडते. ऐन लग्नात कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे, वेडी आहे आणि त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. जेन पळून जाते. पुढे काकाचे २०,००० पौंड तिला मिळतात आणि शेवटी ती रॉचेस्टरकडे परतते.

माझी तक्रार अशी की या बाईला कुणाकडून काही घेताच येत नाही. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला जवळच्या मिलकोट गावी कापड घ्यायला नेतो. त्याला अर्धा डझन पोशाख घ्यायचेत, ही हुज्जत घालून दोनावर आणते. तो जांभळं रेशीम आणि गुलाबी सॅटिन निवडतो, ही काळं सॅटिन आणि राखाडी रेशीम घ्यायला लावते. वर गाडीत बसल्यावर त्याला बजावते की लग्नानंतरही मी अडेलला शिकवणार, त्यातून माझं राहणं-जेवणं आणि वर्षाचे ३० पौंड कमावणार, कपडे त्यातूनच घेणार. अहो, होणारा नवरा आहे तो! आपल्या माणसाने हौसेने घेतलेल्या दोन कपड्यांत जिला अपमान दिसतो, तिला स्वाभिमानी म्हणून डोक्यावर घ्यायचं कशाला?

मोरपंखी

आडवाट, तुम्ही कापडाच्या दुकानापासून सुरुवात केलीत. जरा मागे, मामीच्या गेट्सहेडच्या घरी जा.

दहा वर्षांची मुलगी खिडकीत पडद्याआड पुस्तक वाचत बसली आहे. चौदा वर्षांचा मामेभाऊ येतो, तेच पुस्तक तिला फेकून मारतो. कारण काय, तर पुस्तकं आमची, तू आश्रित, तुझ्या बापाने मागे काही ठेवलं नाही, तू खरं तर भीक मागायला हवी होतीस. ती उलटून त्याच्या अंगावर जाते तर कोंडतात तिलाच. आणि कोंडताना नोकराणी काय सुनावते? मामीसाहेबांचे तुझ्यावर उपकार आहेत हे विसरू नकोस, त्यांनी हाकललं तर पुअरहाऊसची, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहाची, वाट धरावी लागेल.

उपकार म्हणजे काय याचा हा तिचा पहिला धडा. देणाऱ्याने उठता-बसता आठवण करून द्यायची, घेणाऱ्याने मान खाली घालायची. यातही गंमत बघा, मामाने मरताना बायकोकडून वचन घेतलं होतं की या पोरीला आपल्या लेकरासारखं वाढव. म्हणजे जे मुळात मामीचं देणं होतं, ते उपकार म्हणून पोरीच्या डोक्यावर चढवलं गेलं. अशा घरात वाढलेल्या बाईने रेशमाचा गठ्ठा बघून अंग चोरलं तर तो ताठा कसा?

फुटकळ

होणारा नवरा कसला! बायको वर होती की. :)

आणि कापडाचं म्हणाल तर जेनकडे पुरावा होता. अडेलची आई सेलीन ही पॅरिसची नर्तकी, रॉचेस्टरची जुनी प्रेमपात्र. तिच्यावर शाली, हिरे, गाडी-घोडे, नोकरचाकर काय काय उधळलं ते त्याने जेनला स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. गाडीत बसून ती त्याला सांगते की मी तुमची इंग्लिश सेलीन होणार नाही, ते उगाच नाही. पुढे भांडं फुटल्यावर हेच महाशय म्हणतात की पैसे देऊन बाई ठेवणं हे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट, कारण अशा माणसांबरोबर राहून आपणही उतरतो. त्याला हे माहीत होतं आणि तरी तो तिला दागिन्यांनी मढवायला निघालेला.

आडवाट

फुटकळ, सेलीनचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण तो रॉचेस्टरपुरता. माझा आक्षेप तिच्या एकूण स्वभावाला आहे. आणि मोरपंखी, बालपण कडू गेलं हे कारण झालं, समर्थन नव्हे. मामीचा हिशेब रॉचेस्टरकडून का वसूल करायचा?

मला जास्त खटकतो तो वारसा. काकाचे २०,००० पौंड एकटीला मिळतात. पळून गेल्यावर मूर हाऊस या घरात ज्यांनी तिला आसरा दिला ते सेंट जॉन हा पाद्री आणि त्याच्या बहिणी डायना, मेरी ही तिची आतेभावंडं निघतात. जेनचा काका तो त्यांचा मामा, त्याने त्यांना ठेवले ३० गिनी, तेही तिघांत मिळून, सुतकाच्या अंगठ्या करायला. जेन काय करते? चार वाटे. प्रत्येकी ५,०००. सेंट जॉन नको नको म्हणतो, ती ऐकत नाही. शेवटी पंचांकडे प्रकरण जातं आणि ती आपलं म्हणणं खरं करते.

लोक या प्रसंगावर रडतात. मला त्यात हिशेब चुकता करण्याची घाई दिसते. त्यांनी जीव वाचवला, आता मी त्यांना सोडवणार, असं ती जवळजवळ स्पष्टच बोलते. घेताना दोन पोशाखही जड जातात, देताना १५,००० पौंड सहज सुटतात. दुसऱ्याने तिला मिंधं करू नये, पण तिने दुसऱ्यांना केलेलं चालतं!

निवांत

इथे गल्लत होते आहे. जेन घेत नाही हे विधानच चूक आहे.

थॉर्नफील्डहून पळताना तिच्या पर्समध्ये २० शिलिंग असतात. रॉचेस्टरने आग्रहाने घ्यायला लावलेला मोत्यांचा सर ती मागे ठेवते. गाडीवाला मागतो ३० शिलिंग, तो २० मध्ये जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत म्हणजे व्हिटक्रॉसला उतरते आणि बोचकं गाडीतच राहतं. मग उपास. भाकरीच्या दुकानात आधी गळ्याचा रेशमी रुमाल आणि हातमोजे देऊन बदल्यात पाव मागते. दुकानवाली नाही म्हणते. नंतर जेवायला बसलेल्या शेतकऱ्याकडे सरळ तुकडा मागते. तो देतो, ती खाते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी थंड लापशी डुकरासमोर ओतायला चाललेली असते, जेन तीही मागून खाते. ताठा असलेली बाई हे करते का हो?

तिथून मूर हाऊस. डायना-मेरी तिला खाऊ घालतात, आपले कपडे देतात, फारसे प्रश्न न विचारता ठेवून घेतात. आणि डायनाच्या हुकमतीपुढे मान तुकवण्यात आपल्याला आनंद वाटायचा असं जेन स्वतः सांगते. बरी होऊन खाली आली की स्वयंपाकघरात बसून मोलकरीण हॅनाबरोबर फळं निवडू लागते, सेंट जॉनला म्हणते मला काम शोधून द्या. तो मॉर्टनच्या खेड्यातली शाळा देतो, वर्षाला ३० पौंड. ती आनंदाने घेते. या घरात तिला घेताना त्रास होत नाही, कारण कुणी मोजत नाही.

दुपारचा चहा

एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. मिलकोटच्या खरेदीहून परतताना रॉचेस्टर जितकं घेतो तितके तिचे गाल जळतात, आणि त्याच वेळी तिला मदीरा बेटावरच्या काकाची आठवण होते. आपला स्वतःचा थोडा पैसा असता तर हे सोसावं लागलं नसतं, म्हणून घरी गेल्यावर काकाला पत्र लिहायचं ठरवते, लग्न ठरल्याचंही कळवते.

ते पत्र पोचतं तेव्हा रॉचेस्टरचा मेहुणा, म्हणजे त्या कोंडलेल्या बायकोचा भाऊ मेसन, प्रकृतीसाठी मदीरातच आलेला. काका त्याला सहज लग्नाची बातमी सांगतो आणि सगळा उलगडा होतो. काका आजारी, म्हणून मेसनला पुढे धाडतो. लग्न मोडतं.

म्हणजे तिने मुकाट्याने रेशीम घेतलं असतं तर पत्र गेलं नसतं, आणि ती फसवणुकीच्या लग्नात अडकली असती. आडवाट ज्याला ताठा म्हणतात त्यानेच तिला वाचवलं.

आडवाट

नेमका मेसनच मदीरात, नेमकं तेव्हाच! हा लेखिकेने जुळवून आणलेला योगायोग आहे. त्यातून पात्राचा स्वभाव बरोबर होता असं सिद्ध होत नाही. जेनला वरच्या मजल्यावर कोण आहे ते माहीत नव्हतं. तिला फक्त कपड्यांची लाज वाटत होती.

मोरपंखी

मेसन तिथे असणं हा योगायोग. पत्र लिहिणं हा नव्हे. आणि काकाकडे जे होतं ते खरं तर तिला आधीच मिळायचं होतं. त्याने तिला दत्तक घेण्यासाठी पत्र पाठवलं होतं, ते मामीने तीन वर्षं दडवून ठेवलं आणि पोरगी लोवुडला टायफसने मेली असं कळवून टाकलं. मरायला टेकल्यावर ही कबुली देते. उपकारकर्तीला आश्रित सुखी झालेली बघवत नाही, इतकं ते उपकार शुद्ध!

निवांत यांनी सेंट जॉनचं नाव घेतलं, पण खरा मुद्दा तो पुढे कसा वागतो हा आहे. हिमालयासारखा थंड माणूस. आधी तिचं जर्मन बंद करून हिंदुस्तानी शिकायला बसवतो. मग म्हणतो, माझी बायको होऊन मिशनरी कामाला भारतात चल. प्रेमबीम काही नाही. ती म्हणते बहीण म्हणून येते. नाही, बायकोच हवी. या माणसाने तिला दारातून उचलून घरात घेतलं होतं, नोकरी दिली होती. उपकार फेडायची इतकी नामी संधी दुसरी कुठली? तरी ती नाही म्हणते. तिचा हट्ट हिशेब चुकता करण्याचाच असता तर ती इथे मोडली असती.

आडवाट

पण तोवर ५,००० पौंड देऊन झाले होते ना! हिशेब मिटल्यावर नाही म्हणायला काय जातं?

खडूस म्हातारा

तुम्ही सगळे पौंड मोजताय, कायदा कुणी बघत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोचा पैसाअडका नवऱ्याच्या मालकीचा होई. बायकोची स्वतःची कमाई तिच्या नावे राहू लागली १८७० च्या कायद्याने, आणि सगळ्या मालमत्तेवर हक्क आला १८८२ मध्ये. तोवर वेगळं राखायचं तर लग्नाआधी विश्वस्त नेमून करारपत्र करावं लागे. जेनने असलं काही केल्याचा उल्लेख नाही. पाद्री आणि त्याचा कारकून एवढ्यांसमोर गुपचूप लग्न लागतं.

वाडा जळाल्यावर रॉचेस्टर राहतो त्या फर्नडीनच्या घरी येऊन ती ऐटीत सांगते, मी श्रीमंत आहे आणि स्वतंत्रही, माझी मालकीण मीच. लग्नाच्या सहीनिशी ते ५,००० रॉचेस्टरचे. कुणाचे उपकार नकोत म्हणणाऱ्या बाईने स्वतःचा पैसा ज्याच्या हाती दिला त्याच्याच हाती राहायचं पत्करलं. माझ्या मते ती यात कुणापुढेही ताठ नाही, भोळी आहे.

निवांत

खडूस काका, कायदा बरोबर, पण ती ऐट पैशाच्या मालकीची नाही. ती तिथे पोटासाठी आलेली नाही, एवढंच तिला त्याला कळवायचंय. आधी ती पगारावर होती. गेट्सहेडला जाताना तो ५० पौंडांची नोट पुढे करतो, तिचं येणं १५. ती घेत नाही. तो १० देतो, तर म्हणते आता तुमच्याकडे माझे ५ बाकी. चेष्टेत चाललंय, पण ती एक शिलिंगही जास्त घेत नाही. फर्नडीनला तो मालक नाही आणि ती नोकर नाही.

आडवाट

फर्नडीन काढलंतच तर माझा सगळ्यात मोठा मुद्दा तिथलाच. आगीत रॉचेस्टर आंधळा झालाय, एक हात गेलाय. आणि ही त्याला काय म्हणते? तुम्ही ताठ होतात, फक्त देणारे आणि सांभाळणारे म्हणून मिरवत होतात, त्यापेक्षा आता मी तुमच्या उपयोगी पडते तेव्हा तुमच्यावर जास्त प्रेम आहे. देणाराच राहण्याचा जो हट्ट तिला त्याच्यात खुपला, तो तिचा स्वतःचाही आहे. तो पांगळा झाल्यावरच हिला संसार जमतो!

दुपारचा चहा

अर्धच सांगितलंत. पूर्वी थॉर्नफील्डला एकदा त्याच्या खोलीला आग लागली होती तेव्हा जेनने पाणी ओतून त्याला वाचवलं. तो म्हणाला होता, एवढं मोठं ऋण दुसऱ्या कुणाचं मला सोसलं नसतं, तुझं ओझं मात्र वाटत नाही. जेनचं उत्तर होतं की यात ऋणही नाही, ओझंही नाही. तेव्हा तो धडधाकट होता. घेऊनही मान खाली न जाणं त्याला आधीपासून जमत होतं. फर्नडीनला तेच पुढे चालतं.

आणि ती घेते की. फर्नडीनच्या रानात ती वेळ बघायला त्याचं घड्याळ मागते. तो म्हणतो, कमरेला लाव, तुझ्याकडेच राहू दे, मला त्याचा उपयोग नाही. मिलकोटला दोन पोशाखांवर तास घालवणारी बाई इथे हुज्जत घालत नाही.

आडवाट

आंधळ्याला नको झालेलं घड्याळ ते! ते घ्यायला कुठला कमीपणा?

फुटकळ

मग हे घ्या. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्याला एका डोळ्याने अंधुक दिसू लागतं. पहिलं काय विचारतो? तुझ्या गळ्यात काही चकाकतंय का, आणि अंगावर फिकट निळा पोशाख आहे का? दोन्ही असतात. चकाकतंय ती घड्याळाची सोन्याची साखळी. काळं नाही, राखाडी नाही. पैसे कुणी मोजले ते जेन सांगत नाही, आणि बाकी सगळीकडे ती पै न् पै सांगते. आता यावर भांडा.