मदत हवी आहे: डेथ रॅली ही जुनी गेम डॉसबॉक्समध्ये बैलबंडीसारखी चालते, अन् दोघांत खेळता येईल का?

राजेहो, पोळ्याला भाऊ पुण्याहून घरी येतोय. त्याआधी एवढं एक काम करून द्या.

गाव आमचं घाटंजीकडचं. एमएस-सीआयटी करताना सर जेवायला गेले की मागच्या मशीनवर डेथ रॅली सुरू व्हायची. भाऊ गाडी चालवायचा, मी गोळ्यांचं बटण दाबायचो. ती सीडी त्याने अजून जपून ठेवली आहे. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून तालुक्याला जाऊन फोल्डर पेनड्राइव्हवर काढून आणलं आणि डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसच्या गेम आजच्या विंडोजवर चालवणारा प्रोग्राम) लावलं.

ज्यांनी खेळली नसेल त्यांना सांगतो. १९९६ ची डॉसवरची गेम, फिनलंडच्या रेमेडीची पहिलीच. पुढे मॅक्स पेन काढली तीच ही कंपनी. रस्ता वरून दिसतो, चार गाड्या पळतात आणि प्रत्येकीला बंदूक. गोळ्या फक्त पुढे जातात, म्हणून सुरुवातीला मागे राहून समोरच्याला भाजून काढायचं अन् मग पुढं निघायचं. काळ्या बाजारात सुरुंग मिळतात, बंपरला लावायचे खिळे मिळतात. जिंकून आलो तरी गाडीचा चेंदामेंदा झालेला असला की बक्षिसातले पैसे दुरुस्तीतच जातात.

आणि सावकार! खरंच आहे गेममध्ये. परवा मी ती स्क्रीन उघडली तर बाबा मागून बघत होते.

"हा कोन होय?"
"सावकार."
"अन् फेडते कशानं?"
"शर्यत जिंकून."
"म्हंजे पावसावरच हाय," म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

गेममध्ये खोट आहेच. कॅमेरा इतका जवळ की वळण दिसेपर्यंत आपण भिंतीवर. पुढे पुढे पैसा साचतो, सगळ्यात भारी गाडी हाती येते आणि तेच ते रस्ते फिरत बसावं लागतं. पहिला नंबर गाठला की 'अ‍ॅडव्हर्सरी' नावाचा एक उपटतो. त्याच्याशी एकट्याने लढावं लागतं आणि आम्हाला तो कधीच हरवता आला नाही. तरी हात सुटत नाही.

आता अडचण. मेनू ठीक चालतो, पण शर्यत सुरू झाली की सगळं स्लो मोशन, आवाज तुटक तुटक. डॉसबॉक्सची कॉन्फिग फाइल (सेटिंगची फाइल) मी दुसऱ्या एका जुन्या गेमची उचलली होती. दुसरं, आता दोघं भाऊ समोरासमोर खेळू शकतो का? रेमेडीने २००९ मध्ये विंडोजसाठी फुकट दिली आहे हे माहीत आहे, पण भावाचा हट्ट सीडीवरच्याच गेमचा.

पऱ्हाटी: डॉसबॉक्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत सायकल्सचा, म्हंजे स्पीडचा, आकडा किती दिसते?

धागाकर्ता: ३०००.

पऱ्हाटी: मंग रडनारच ना भाऊ. तीन हजारात ३८६ प्रोसेसरचा जमाना चालते, हे पेंटियमच्या काळातली गेम हाय. गेम चालू ठेवून कंट्रोल आणि एफ१२ दाबा. दर वेळी दहा टक्केच वाढते, म्हून तीस हजारावर न्याले चोवीसेक वेळा दाबा लागन. आवाज साफ झाला की तोच आकडा कॉन्फिगमधी सायकल्ससमोर लिहून टाका. आवाज मुळीच नसला तर गेमच्या सेटअपमधी साउंड ब्लास्टर (जुनं साउंड कार्ड) निवडा अन् हे आकडे भरा: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १.

गल्लीबोळ: एकाच कीबोर्डवर दोघांत नाही होत, नेटवर्कवर होतं. दोन लॅपटॉप घ्या. दोन्हींच्या कॉन्फिगमध्ये आयपीएक्स (जुन्या गेम ज्यावर जोडल्या जायच्या ते नेटवर्क) ट्रू करा. मग डॉसबॉक्समध्ये टाइप करा: एकावर 'आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर', दुसऱ्यावर 'आयपीएक्सनेट कनेक्ट' आणि पुढे पहिल्याचा आयपी पत्ता. वायफाय नसलं तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, डेटा लागत नाही. विंडोजची फायरवॉल आडवी येते, तिला परवानगी द्या.

धागाकर्ता: पऱ्हाटीभाऊ, जमलं! बोट दुखलं, पण एकोणतीस हजारावर मख्खन पळते आहे. पट्टीवरचा आकडा इतके दिवस समोर होता, कधी नीट पाहिलाच नाही.

आयपीएक्सचं आज रात्री बघतो, लाईट राहिली तर. दुसरा लॅपटॉप भाचीचा आहे. द्यायला तयार झाली, पण अट घातली: तिच्या तान्ह्या पोळ्याच्या (लहान मुलांच्या पोळ्याच्या) लाकडी नंदीची दोन चाकं निघाली आहेत, ती आधी बसवून पाहिजेत. फेव्हिकॉलने राहतील का, की खिळाच ठोकू?