रस्त्यावरची कादंबरी खरोखर मुळांकडे परतते का?

(गोव्यातल्या तीन ठिकाणच्या तीन वाचकांची ही लेखी चर्चा; प्रत्येकाची ओळख त्याच्या ठिकाणाच्या नावाने दिली आहे.)

प्रस्ताव, म्हापसा : अमेरिकी लेखक जॅक केरुआकची ‘ऑन द रोड’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ती घर सोडणाऱ्यांची पोथी मानली जाते. मला मात्र ती घराकडे ओढल्या जाणाऱ्या माणसाची कादंबरी वाटते. तिचा नायक साल पॅराडाइज प्रत्येक भटकंतीनंतर न्यू जर्सीतल्या मावशीच्या घरी येतो. खुद्द केरुआक १९२२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबात जन्मला आणि घरी फ्रेंच बोलत वाढला. १९५१ च्या एप्रिलमध्ये कागदाला कागद चिकटवून केलेल्या सुमारे १२० फुटी गुंडाळीवर तीन आठवड्यांत या कादंबरीचा खर्डा टंकणारा हा लेखक १९६५ साली पूर्वजांचा माग काढत पॅरिस आणि फ्रान्समधल्याच ब्रिटनी प्रांतात गेला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

हणजूण : मला हे साफ अमान्य आहे. साल परततो तो थकल्यावर, आणि वाटेत पैसे संपले की ते त्याच मावशीकडून मागवतो. परतणाऱ्याने घराचे काही ओझे उचलले, तरच त्याला परतणे म्हणावे. सत्तरच्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा रस्त्याने आलेला एक गोरा तरुण आमच्याकडे भाड्याने राहत होता. मे महिन्यात आजी सोप्यात बसून पावसाआधी भिंतींना बांधायची माडाच्या झावळ्यांची झापे विणत असे. त्याने हट्टाने शिकून एक झाप पुरे केले. कडेच्या पात्या सैल राहिल्या होत्या, त्या आजीने रात्री कंदिलाच्या उजेडात आवळून घेतल्या. पहिली सर येण्याआधी तो निघून गेला. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याहून सांगवीला येतो तो बापाच्या घरात, जिथे त्याला पाहुण्यासारखे राहता येत नाही.

प्रियोळ : आपण दोघांनीही मूळ म्हणजे एक ठरलेली जागा, असे गृहीत धरले आहे. आमचा मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० साली पोर्तुगीजांच्या धास्तीने भक्तांनी त्याचे लिंग रातोरात जुवारी नदी ओलांडून, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या प्रियोळात आणले. आज मुंबई-पुण्याहून कुलदैवताला येणारी कुटुंबे प्रियोळलाच येतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण चुकीच्या गावी आलो असे वाटत नाही. देवालाच जिथे घर सोडावे लागले, तिथे भटकणे आणि परतणे यांत एवढी पक्की भिंत कशी घालता येईल? ब्रिटनीत केरुआकला त्याचे गोत्र नीट सापडले की नाही, यावरून त्याची ओढ खोटी ठरत नाही.

म्हापसा : प्रियोळकरांचा मुद्दा मला माझ्यापेक्षा नेमका वाटतो. ओझ्याची अट मात्र मी पूर्ण मान्य करणार नाही, कारण परदेशी बोटीवर आयुष्य काढणारे आमचे कित्येक नातेवाईक घराचे ओझे पैशांच्या रूपातच उचलतात, आणि त्यांना बेघर म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्या झापाचे पुढे काय झाले, हे हणजूणकरांनी लिहावे.

हणजूण : ते पावसाळाभर पश्चिमेच्या भिंतीला होते. दुसऱ्या वर्षी तो येईल म्हणून आजीने त्याची खोली मार्चपर्यंत कोणाला दिली नाही. तो आला नाही.