खानापूर–उद्यमबाग रोजची ये-जा: पेट्रोल आणि धूर दोन्ही कमी करायचाय

खानापूरचा फिटर
नमस्कार मंडळी. राहायला खानापुरात, कामाला बेळगावच्या उद्यमबागेत, फौंड्रीत. एका बाजूला साधारण 26 किलोमीटर. गाडी 125 सीसी, बीएस-6. आधी 50 च्या वर ॲव्हरेज द्यायची, आता 45 लाच धापा टाकतेय. पाऊस सरला की मच्छे-पिरनवाडीपासून पुढं धूळ आणि धूर असा एकत्र घशात जातो की विचारू नका, आणि त्यात आपलीही भर आहेच की. शॉपमधला एकजण म्हणतो उतारावर न्यूट्रल मार. दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये ओतायची बाटली मिळते, ती घाल. खरं काय? रोज या रस्त्यानं जाणाऱ्यांनीच सांगा.

अनगोळचा सायकलवाला
फौंड्रीत काम करणाऱ्यानं गाडीच्या धुराची काळजी करावी, लई भारी! गंमत केली हं. फौंड्रीचा धूर निदान चिमणीतून वर जातो, गाडीचा मागच्याच्या थेट नाकात. बेळगावात ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात तिथं फाटक पडल्यावर उभं राहून बघा. रेल्वे अजून दिसतही नसते आणि सगळी इंजिनं चालू. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आहेत, बंद करायला काय जातं? 26 किलोमीटर सायकल मार असं मी म्हणणार नाही, पण गावातल्या गावात दूध-भाजीला तरी गाडी काढू नका. थंड इंजिन पहिल्या एक-दोन किलोमीटरला जास्त पितं आणि जास्त घाण सोडतं.

पिरनवाडी गॅरेज
फिटरदादा, बाटलीचं आधी सांगतो. ते पैसे एअर फिल्टरला घाला. तुमच्या रस्त्याची धूळ बघता कंपनीनं पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच फिल्टर बदलावा लागतो. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गाड्यांत फिल्टर उघडला की विटेचा चुरा पडावा तशी लाल माती पडते.

न्यूट्रल तर अजिबात नको. जुन्या कार्बोरेटरच्या काळातली ती सवय. तुमच्या बीएस-6 सारख्या इंजेक्शनच्या गाडीला गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर ती पेट्रोल जवळजवळ तोडतेच, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलंत की इंजिन स्वतः चालू राहायला पेट्रोल मागणार. वर इंजिनाचा ब्रेक गेला. खानापूर रस्त्याला एकवेळ चालून जाईल, पण हीच सवय घेऊन चोर्ला घाटात उतरलात तर घरच्यांना आम्ही काय सांगायचं?

आता मुख्य गोष्ट, ॲक्सिलरेटर पिळणारं मनगट. पीसीआरए ही सरकारी संस्था कित्येक वर्षं सांगतेय की 45 ते 55 च्या वेगात इंधन सगळ्यात कमी लागतं. तुम्ही देसूरच्या पुढं रस्ता मोकळा दिसला की 80 ला नेत असणार, नाही म्हणू नका. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. तिथं जाळलेलं पेट्रोल पिरनवाडीच्या गर्दीत ब्रेक दाबून घालवायचं, आणि पोचायचं जेमतेम पाच-दहा मिनिटं आधी. क्लचवर बोटं ठेवून चालवायची खोड असेल तर तीही सोडा. हवा दर आठवड्याला बघा, सकाळी टायर थंड असताना. मागं कोण बसणार असेल तर मागच्या चाकाला किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आणि एमिशनचा (पीयूसीचा) कागद नुसता पोलिसासाठी घेऊ नका. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. तो मागच्या वेळेपेक्षा चढला असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, गाडी घेऊन या.

नंदगडच्या बाई
सगळं गाडीचंच चाललंय! मी शिकवायला बेळगावला जाते, बसनं. जून 2023 ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली तेव्हापासून आम्हा बायकांना झिरो तिकीट. गर्दी वाढली हे खरं, सकाळी कॉलेजची मुलं दारात लोंबकळतात. पण त्या एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात, तेवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या असत्या तर? तुमची 52 किलोमीटरची ये-जा म्हणजे लिटरभराहून जास्त पेट्रोल. लिटरभर जळालं की सव्वादोन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. पेट्रोल पाऊण किलोचंच, उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. सातवीच्या मुलांना हे सांगितलं की ती हिशोबच तपासायला बसतात. दादा, फर्स्ट शिफ्टला तरी बसनं जाऊन बघा.

खानापूरचा फिटर
बाई, फर्स्टला जमेल, सकाळची बस मिळते. सेकंड सुटते तेव्हा स्टँडवर कुत्रीच असतात, तेव्हा गाडी लागणारच. 80 चं गॅरेजवाल्या काकांनी बरोबर पकडलं 😄 फिल्टर शनिवारी बदलतो.

पिरनवाडी गॅरेज
मग सेकंडला मागची सीट रिकामी कशाला? दोघं बसल्यानं ॲव्हरेज थोडं पडेल, पण एक अख्खी गाडी रस्त्यावरून कमी होईल. तुमच्या शॉपमधला, वाटेवरच्या इदलहोंडचा कोण नाही काय?

खानापूरचा फिटर
आहे एकजण. पण तो गुटखा खाऊन चालत्या गाडीवरून थुंकतो. मागं बसवून मी पुढं, म्हणजे माझ्या शर्टाचं काय! दुसरं कोण इदलहोंड, गणेबैल किंवा देसूर बाजूचं असेल, सेकंड शिफ्ट, तर इथंच कळवा. पेट्रोल अर्धं-अर्धं. हेल्मेट स्वतःचं आणायचं.