तीन स्टार म्हणजे शिवी आहे का?

साधंसरळ:
परवा वॉशिंग मशीन दुरुस्त करायला माणूस आला होता. काम झालं, म्हणजे मशीन फिरायला लागलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण दिलेल्या वेळेपेक्षा अडीच तास उशिरा आला, पाईप काढताना जे पाणी सांडलं ते तसंच ठेवलं, आणि बॅग खांद्याला लावता लावता म्हणतो, "मॅडम मेसेज आला असेल बघा, तेवढे पाच स्टार देऊन टाका." म्हटलं देते नंतर. तर म्हणे नाही नाही, आत्ताच द्या, आणि माझ्याच फोनवर बोट ठेवून दाखवतो, "हा, हा शेवटचा." मी दिले पाच. तो गेला आणि मी पोछा घेऊन पाणी पुसत बसले, तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय.

माझं म्हणणं इतकंच आहे की पाच म्हणजे अप्रतिम, चार म्हणजे चांगलं, तीन म्हणजे ठीकठाक असं असायला हवं ना? आता पाच म्हणजे "तक्रार नाही", चार म्हणजे "तक्रार आहे", तीन म्हणजे शिवी आणि एक म्हणजे उघड भांडण. दोन कुणी देताना मी तरी पाहिलं नाही. आणि याचा फटका शेवटी आपल्यालाच बसतो, काहीही घ्यायला जा, सगळं ४.२, ४.३, ४.४, आता यातून निवडायचं काय कपाळ? म्हणून मी ठरवलंय, आजपासून ठीक कामाला तीनच देणार. कुणाला राग आला तर येऊ दे.

रात्रपाळी:
द्या, जरूर द्या, फक्त ते तीन कुणाच्या खात्यात पडतात ते आधी ऐका. मी सहा वर्षं कॉल सेंटरला आहे. प्रत्येक कॉलनंतर गिऱ्हाईकाला सर्व्हे जातो, १ ते ५. आमच्याकडे ५ आला तरच तो "चांगला" म्हणून मोजतात, ४ म्हणजे शून्य, ३ आला की टीम लीडर बोलावून तो कॉल परत ऐकवतो. गेल्या महिन्यात एक बाई, पैसे परत हवे होते, नियमाप्रमाणे मुदत संपलेली, मी बावीस मिनिटं बोलले, वरच्यांकडे विनंती टाकली, ती नाकारली गेली. बाई फोन ठेवताना म्हणाल्या, "तुम्ही खूप छान बोललात हो, पण तुमची कंपनी चोर आहे." आणि सर्व्हेत दिला १. कंपनीचं काय वाकडं झालं? काही नाही. माझा त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला.

तुमच्या त्या मशीनवाल्याने बोट दाखवलं ते उद्धटपणे नसणार. घाबरून असणार.

साधंसरळ:
@रात्रपाळी, तुमच्यावर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण मग हे रेटिंग कशाला म्हणायचं, ही तर खंडणी झाली की. आणि पाणी मीच पुसलं हो!

हिशोबी:
जरा आकडे बघू, नुसतं हळहळून काय होणार. उबरचं रेटिंग शेवटच्या ५०० जणांनी दिलेल्या स्टारची सरासरी असते. समजा ४९९ जणांनी पाच दिले आणि एका खवळलेल्याने एक दिला, तर येतं ४.९९२. म्हणजे कुणाला कळणारही नाही. पण नुकताच लागलेला माणूस धरा, दहाच रेटिंग, नऊ पाच आणि तुमचे ते बाणेदार तीन, झालं ४.८. तीनच्या जागी एक दिला तर ४.६. स्टार तोच, पण जुन्या माणसाला मुंगी चावल्यासारखा आणि नव्याला विंचू. त्यामुळे "मी प्रामाणिक" म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणार असाल तर ती प्रामाणिक नाहीये, आळशी आहे.

साधंसरळ:
म्हणजे आता स्टार देण्याआधी समोरचा किती दिवसांचा जुना आहे ते विचारू? आधारकार्ड मागू का?

हिशोबी:
नका मागू. पण हा गुंता तुम्ही म्हणता तसा लोकांच्या भिडस्तपणाचा नाही एवढंच सांगतोय. यूट्यूबला आधी पाच स्टारच होते, २००९ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की जवळजवळ सगळे पाचच देतात, मधले कुणी वापरतच नाही, आणि २०१० पासून अंगठा वर अंगठा खाली आलं. नेटफ्लिक्सने तेच २०१७ मध्ये केलं. तिथे तर समोर बिचारा टेक्निशियन नव्हता ना उभा? व्हिडिओची कुणाला दया येणार? तरी लोकांनी टोकंच दाबली. मधलं वाटलं की माणूस काही दाबतच नाही, गप पुढे जातो. तुम्ही शेवटचं "ठीक होतं" असं वाटून मुद्दाम फोन उघडून रेटिंग कधी दिलंत, आठवा बरं.

वरवरवाचक:
हे खरंय. मला एखादी वस्तू ठीक वाटली तर मी ती वापरायला लागतो, लिहायला कोण बसतंय. म्हणून मी तर पाचवाले आणि एकवाले वाचतच नाही, थेट तीनवाले उघडतो. पाचवाले म्हणजे "अजून बॉक्स उघडला नाही पण पार्सल वेळेआधी आलं, मस्त". एकवाले म्हणजे "डबा चेपलेला होता, कुरिअरवाला उर्मट". अरे पण वस्तू कशी आहे?? तीनवाला माणूस मात्र वापरून बसलेला असतो, तो सांगतो की दोन महिन्यांनी बिजागरी ढिली होते, उजव्या बाजूचं बटण नख लावून दाबावं लागतं. माझा अख्खा संसार तीनवाल्यांच्या जिवावर चाललाय. साधंसरळ, तुम्ही द्याच तीन, फक्त खाली दोन ओळी लिहा, नुसते मुके तीन नकोत.

एकहाती:
मी एक छोटं ॲप चालवतो, एकटाच. दुकानात, म्हणजे ॲप स्टोअरवर, एकाने लिहिलेलं: "खूप छान ॲप, रोज वापरतो, एक नंबर!!" आणि स्टार एकच. एक नंबर म्हणून एक. त्याला प्रेमाने उत्तर लिहिलं की दादा पाच दाबा, तर त्याने परत कधी उघडूनच पाहिलं नाही. आज चार वर्षं तो एक स्टार माझ्या पानावर मिरवतोय.

आणि मागायचं म्हटलं तरी सोपं नाही. आयफोनवर त्यांची ती रेटिंगची खिडकी एका माणसाला एका ॲपसाठी वर्षाच्या ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीनदाच दिसते. त्यामुळे सगळे ॲपवाले ती कधी दाखवायची यावर डोकं खाजवतात, गेम जिंकला की लगेच, काम पूर्ण झालं की लगेच. हरल्यावर कधी कुणी विचारलंय का तुम्हाला, सांगा. म्हणजे सरासरी वर असते ती लोक खूश असतात म्हणूनच असं नाही, खूश असतील तेव्हाच विचारलं जातं.

एक मात्र बरं झालं, गूगल प्लेने २०१९ पासून अलीकडच्या रेटिंगना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. नाहीतर पहिल्या वर्षीच्या गाढवपणाची फळं आयुष्यभर.

तिरकस:
तुम्ही सगळे जण स्टार खरी माणसं देतात हे गृहीत धरून भांडताय याचं कौतुक वाटतं. २०१७ मध्ये लंडनला एका पत्रकाराने घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर, म्हणजे हॉटेलांचे रिव्ह्यू असतात त्या साइटवर टाकलं, मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ते शहरातलं पहिल्या नंबरचं झालं. पहिल्या! तोवर तिथे एकाही गिऱ्हाईकाने पाऊल ठेवलेलं नव्हतं. लोक जागा मिळेल का म्हणून फोन करत होते आणि हा "सगळं बुक आहे" सांगत होता. अमेरिकेला शेवटी २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकत घेण्या-विकण्यावर बंदीचा नियम आणावा लागला.

आणि खरे असले तरी काय? २०१६ च्या एका अभ्यासात १२७२ वस्तूंचे ॲमेझॉनवरचे स्टार आणि एका ग्राहक संस्थेने प्रयोगशाळेत तपासून दिलेले गुण शेजारी ठेवून पाहिले, मेळ फारच कमी निघाला. तेव्हा तुमचे तीन काय नि पाच काय, समुद्रात खसखस.

रात्रपाळी:
@तिरकस, तुमच्यासाठी समुद्र असेल. माझ्या डॅशबोर्डवर गेल्या आठवड्यात ११ सर्व्हे आले. अकरा. त्यातली एक खसखस म्हणजे काय ते मला विचारा.

तिरकस:
हं. ते वस्तूंबद्दल होतं, माणसांबद्दल म्हणत नव्हतो. मागे घेतो, अर्धं.

मागचीसीट:
मला गंमत वाटते ती उलट्या बाजूची. आपल्यालाही रेटिंग असतं हे किती जणांना माहीत आहे? मी एकदा सहज टॅक्सीच्या ॲपमध्ये माझं पाहिलं, ४.६१. अहो मी दार कधी आपटत नाही, फोनवर मोठ्याने बोलत नाही, उतरताना थँक्यू म्हणते! दोन दिवस झोप नाही आली. कुणी दिला असेल, तो पावसातला का, तो मी थांबवून ठेवला होता तो? नवऱ्याचं ४.८७, आणि तो माणूस पूर्ण रस्ता घोरतो. तेव्हा कळलं की समोरच्याला काय वाटत असेल.

हिशोबी:
@मागचीसीट, हाहा. दोन्हीकडून रेटिंग असलं की वेगळीच खोड लागते, तू मला पाच दे मी तुला पाच देतो. ईबेवर, म्हणजे त्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर, विक्रेते सूड घ्यायचे, तू मला वाईट लिहिलंस ना, मग घे. शेवटी २००८ मध्ये त्यांनी विक्रेत्याला गिऱ्हाईकाबद्दल वाईट लिहिण्याची सोयच काढून टाकली. प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये जास्त डोकं वापरलं, घरमालक आणि पाहुणा दोघांचे रिव्ह्यू एकदमच उघडतात, किंवा १४ दिवस उलटल्यावर. आधी कुणीच कुणाचं वाचू शकत नाही. साधंसरळबाईंच्या मशीनवाल्याला हीच सोय हवी होती, तो गेल्यावर दोन दिवसांनी मेसेज यायला हवा होता, तो समोर उभा असताना नाही. तोंडावर विचारलं तर कुणीही पाचच देणार.

वरवरवाचक:
दोन दिवसांनी आलेला मेसेज मी डिलीट करतो.

हिशोबी:
तेही आहेच.

साधंसरळ:
बरं, सगळ्यांचं वाचलं. माझं अजूनही म्हणणं आहे की वस्तूला तीन द्यायला काही हरकत नाही, लिहून द्यावेत, वरवरवाचक म्हणतात तसे. मिक्सर काही त्यामुळे उपाशी राहत नाही. पण माणसाच्या बाबतीत मी जरा ढेपाळले हे कबूल, तरी पूर्ण नाही हं. कारण सगळ्यांनाच पाच दिले तर जो खरंच नीट काम करतो, पाणी पुसून जातो, वेळेवर येतो, त्याला वेगळं काय दिलं मी? त्याचाही अपमानच की. याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

एकहाती:
त्याला लिहा ना. स्टार सगळ्यांनाच असतात, ओळी कुणालाच नसतात. मला चार वर्षांत जे पाच स्टार मिळाले त्यातला एकही आठवत नाही. एका आजोबांनी लिहिलं होतं की अक्षरं मोठी करायची सोय सापडली, आता चष्मा लागत नाही, ते पाठ आहे.

साधंसरळ:
हे पटलं. आणि @रात्रपाळी, एक खरंखुरं विचारते, समजा मला तुमच्या कंपनीच्या नियमावरच राग काढायचाय, तुमच्यावर नाही, तर तो कुठे काढायचा? म्हणजे तुम्हाला न लागता?

रात्रपाळी:
सर्व्हेत दोन प्रश्न असतात. पहिला असतो "आमच्या प्रतिनिधीबद्दल तुम्हाला काय वाटलं". दुसरा असतो "कंपनीबद्दल काय वाटलं". दुसऱ्याला १ दिलात तर आम्हाला कुणी काही विचारत नाही, तो वर जातो. पण दुसरा येतो पुढच्या स्क्रीनवर. बहुतेक लोक पहिल्यावरच एक दाबून बंद करतात.

साधंसरळ:
दुसरा स्क्रीन मी आयुष्यात पाहिलेला नाही.